ॲडलेडच्या काका-काकूंना

केंब्रिज, जानेवारी २०२३

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तोंडावर मी तुम्हाला नावानेच हाक मारायची, कारण तसा तुमचाच आग्रह होता. पण बाबांच्या देखत मोठ्या माणसांना नावाने बोलावताना जीभ अडखळायची, म्हणून आमच्या घरात तुम्ही पहिल्यापासून काका-काकूच. सप्टेंबरात तुम्ही निघालात तेव्हा फुलं दिली, इंग्रजीत कार्डही लिहिलं. त्या कार्डात जे मावलं नाही ते इथे लिहितेय. तुमची नावं घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं ओळखते.

ऑक्टोबरात सरकारी आकडा आला. २०२२च्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटांमध्ये इंग्लंडात पासष्टीच्या पुढची सुमारे २,८०० माणसं नेहमीपेक्षा जास्त दगावली. ते वाचलं आणि आधी नागपूरला फोन लावला. बाबा दिवाळीच्या किराण्याची यादी करत बसले होते. कामाच्या वेळी फोन कशाला केलास म्हणून माझ्यावरच खेकसले. त्यांचं ते खेकसणं ऐकून मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. त्याचं श्रेय तुमचं आहे.

तुम्ही आलात मे महिन्यात. शेजारच्या बाई तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या, ॲडलेडच्या घरात राहायला गेल्या आणि तुम्ही त्यांच्या घरात, अशी अदलाबदल. इंग्लंडचा उन्हाळा सोडून कुणी मुद्दाम तिकडच्या हिवाळ्यात का जावं, हे मला अजून उमगलेलं नाही, पण बाईंचे उपकारच म्हणायचे. पहिले काही आठवडे तुमची आम्हाला चांगलीच करमणूक झाली. काका रोज दुपारी सावलीसाठी खुर्ची घेऊन घराच्या दक्षिणेला जायचे आणि उन्हात भाजून परत यायचे. तुमच्याकडे सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे घराची गार बाजू दक्षिणेची. साठ-पासष्ट वर्षांची अंगवळणी पडलेली दिशा एका विमानप्रवासात कशी बदलणार? रात्री साडेनऊपर्यंत उजेड, म्हणून काकूंचा स्वयंपाक कधी सुरू व्हायचा त्याला धरबंद नव्हता. खिडक्यांना जाळ्या नाहीत याचा तर काकूंना इतका राग, की मिल रोडवरच्या चॅरिटी शॉपमधून जुना जाळीचा पडदा आणून तो त्यांनी खिडकीच्या मापाने कापून बसवला. बेसिनला गरम पाण्याचा नळ वेगळा आणि गार पाण्याचा वेगळा, मग कोमट पाण्याने तोंड धुवायचं कसं, असं तुम्ही मलाच विचारत होतात. जसा काही तो नळ मी बसवला होता!

सकाळी काकू सायकल काढून जीझस ग्रीनच्या तलावावर पोहायला जायच्या. १९२३ सालचा तो ९१ मीटर लांबीचा उघडा तलाव, पाणी गरम करायची सोय नाही. तिथून येताना मंडईतून स्ट्रॉबेऱ्या आणायच्या आणि निम्म्या आमच्या कुंपणावर ठेवायच्या. पारा बावीसवर गेला की पार्कर्स पीसच्या मैदानावर अख्खं केंब्रिज शर्ट काढून लोळायचं आणि तुम्ही दोघं मात्र लांब बाह्या, रुंद टोप्या, नाकाला पांढरं क्रीम असे झाडाखाली बसून क्रिकेट बघायचात. १९८१ पासून तुमच्या देशात ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ (सदरा चढवा, क्रीम फासा, टोपी घाला) असं पोरांकडून घोकून घेतात म्हणे. इथल्या लोकांना उन्हाचं अप्रूप, तुम्हाला उन्हाची ओळख. हा फरक जुलैत कामाला आला.

शुक्रवारी, १५ तारखेला, हवामान खात्याने उष्णतेचा लाल इशारा दिला. या देशात असा इशारा पहिल्यांदाच. बाबा तेव्हा आमच्याकडे व्हिजिटर व्हिसावर आलेले. ते टीव्हीसमोर बसून हसत होते. “चाळीसला काहून घाबरून राहिले हे लोक? आमच्याकडे चाळीसला लग्नं लागतात.” आणि गंमत म्हणून खिशात कांदाही घालून ठेवला, आजीच्या काळापासून नागपुरात ऊन लागू नये म्हणून घालतात तसा. मीही हसले. नागपूरच्या माणसाला उन्हाची काय भीती घालायची? पण नागपूरच्या घरात कूलर असतो, डोक्यावर पंखा असतो, पायाखाली गार फरशी असते. इथे फरशीच्या जागी गालिचा, पंख्याच्या जागी दिवा, आणि ऊब कोंडून धरायला बांधलेल्या विटांच्या भिंती. बाबांची खोली माळ्यावर, थेट स्लेटच्या छपराखाली. तिथली वर सरकवायची खिडकी कुणीतरी रंग देताना चौकटीला चिकटवून टाकलेली.

त्या खिडकीबद्दल मी घरभाड्याच्या एजन्सीला वसंतापासून लिहीत होते. दर वेळी उत्तर एकच, ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे’. इतकी नोंद घेऊन त्यांचं रजिस्टर भरलं असेल, खिडकी काही हलली नाही. मंगळवारी, १९ जुलैला, ज्या दिवशी लिंकनशरमध्ये कॉनिंग्जबीला ४०.३ अंशांची नोंद झाली, त्या दिवशी दुपारी त्याच एजन्सीचा मेसेज आला: पडदे ओढून घ्या, भरपूर पाणी प्या, खिडक्या रात्री उघडा. कुठली खिडकी? ऑफिसात एक जण म्हणाला, “तुम्हाला तर सवयच असेल.” आणि आपली मराठी मंडळी? ग्रुपवर सकाळपासून नागपूरच्या उन्हावरचे विनोद चालले होते. बाबांना बरं वाटत नाहीये, कुणाकडे जास्तीचा पंखा आहे का, असं मी लिहिलं तर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली आणि त्याखाली लगेच पुढचा विनोद. पंखे दुकानांतून केव्हाच संपले होते. नवरा कामासाठी लीड्सला गेलेला, आणि किंग्ज क्रॉसपासून यॉर्क-लीड्सपर्यंतची रेल्वे त्या दिवशी बंदच. डॉक्टरी सल्ल्यासाठी फोन लावला तो संगीत ऐकवत राहिला.

चारच्या सुमाराला वर गेले तर बाबा पलंगाच्या कडेला बसलेले, ओठ कोरडे, बोलणं तुटक. खाली चला म्हटलं, नाही म्हणाले. पाणी प्या म्हटलं, “मी काय आजारी आहे का?” हात धरायला गेले तर झटकला. वीज मंडळात हयात घालवलेला माणूस, पावसाळ्यात खांबावर चढलेला. लेकीच्या आधाराने जिना उतरणं त्यांच्या डोक्यातच बसत नव्हतं.

मागच्या अंगणात येऊन मी परत फोन लावत होते. काकू, तुम्ही कुंपणापलीकडून माझं तोंड बघितलंत आणि एकच प्रश्न विचारलात: ते लघवीला शेवटचे कधी गेले? मला माहीत नव्हतं, आणि बापाला हे विचारायचं कसं, हेही माहीत नव्हतं. तुम्ही पाच मिनिटांत घरात आलात, बीपीच्या गोळ्यांचं पाकीट मागून घेतलंत, नाक्यावरच्या केमिस्टला फोन लावून माझ्या हातात दिलात. मीठ-साखरेचं पाणी, मानेवर ओला पंचा, पुढे काय झालं की ॲम्ब्युलन्स बोलवायची, हे सगळं तुम्ही इतक्या निवांत आवाजात सांगत होतात की माझे हात थरथरायचे थांबले. त्याबद्दल आभार आहेतच.

पण मला सांगायचंय ते चादरीबद्दल.

काका, तुम्ही बादलीत भिजवलेली एक चादर, एक कोरडी चादर, कपड्यांचे चिमटे आणि एक बोथट सुरी घेऊन आलात. दारात बूट काढलेत, कुणी न सांगता. माळ्यावर गेलात, रंगाच्या थरावरून सुरी फिरवलीत, दोन धक्के दिलेत, आणि वसंतापासून नोंदीत अडकलेली खिडकी वर सरकली. कोरडी चादर काचेच्या बाहेरून टांगलीत. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदे ओढून उपयोग नाही, त्याला बाहेरच अडवायचं, असं मला सांगितलंत. बाबांकडे तोवर पाहिलंसुद्धा नव्हतंत. मग वळलात आणि सावकाश, सोप्या इंग्रजीत म्हणालात की खाली मागच्या दारावर ही ओली चादर लावायचीय, ती बाजू उत्तरेची, एकट्याला जमणार नाही, दुसरं टोक तुम्ही धराल का?

बाबा उठले.

तुम्ही दोघं चादर घेऊन जिना उतरलात. तुम्ही उलटं, बाबांकडे तोंड करून, एकेका पायरीवर थांबत. जणू चादर भिंतीला घासू नये म्हणून. खाली दाराशी खुर्ची होती. टोक धरायला सोयीचं म्हणून बाबा तीवर बसले. चिमटे लावायला तुम्हाला बराच वेळ लागला, इतका वेळ लागावा असं त्यात काही नव्हतं. दोन ग्लास भरलेत, एक स्वतः प्यायलात, दुसरा बाबांच्या हाताशी ठेवलात आणि पुन्हा चिमट्यांकडे वळलात. “घ्या” म्हणाला नाहीत. बाबांनी ग्लास उचलला, संपवला, आणि चादर डाव्या बाजूला वर ओढली गेलीय असं तुम्हाला सुनावलं.

एक एकटा माणूस चादर दारावर टांगू शकतो, काका. मला ते तेव्हाही दिसत होतं, आणि बाबांनाही दिसलं असणार. पण लेकीसमोर पडलेली मान त्यांना परत वर करता आली. आयुष्यात मदत खूप जणांनी केलीय. बहुतेकांच्या मदतीला एक कोपरा असतो, तो नंतर कधीतरी टोचतो. ‘आम्ही होतो म्हणून’ हे वाक्य बोललं जात नाही, पण जेवताना पानात वाढलेलं असतं. तुमच्या वागण्यात ते कुठेच नव्हतं. शिकलेली, सज्जन, चार पैसे दान करणारी माणसं मी खूप पाहिलीत. समोरच्याला लहान न करता त्याला हात देणारी फार थोडी. ती कुठल्या देशात जास्त असतात असं काही नाही. ज्या ग्रुपवर हात जोडले गेले तो माझ्याच गावच्या लोकांचा होता, आणि जे दार वाजलं ते दहा हजार मैलांवरून आलेल्यांनी वाजवलं.

संध्याकाळी ती ओली चादर वाऱ्यावर हलायला लागली तशी स्वयंपाकघरात गार झुळूक यायला लागली, आणि बाबांची जीभ सुटली. तुमच्या शहराने २४ जानेवारी २०१९ ला ४६.६ अंश पाहिलेत, हे ऐकल्यावर त्यांनी तुम्हाला आपल्यात घेतलं. मग कूलर. ॲडलेडच्या घरांतही ओल्या जाळीतून हवा ओढणारे कूलर असतात हे कळल्यावर ते खुर्चीतून पुढेच सरकले. तुम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कूलगार्डी गावाची गोष्ट सांगितलीत: १८९० च्या दशकात, सोन्याच्या खाणींवर, लोणी नि मटण टिकवायला लोक कपाटाभोवती ओलं गोणपाट लावायचे. बाबांनी वाळ्याचे पडदे सांगितले. मी मधे भाषांतराला बसले होते, पण थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही, तुम्ही दोघं कागदावर पंख्याची पाती काढत होतात. निघताना काकूंनी खिशातल्या कांद्याचं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी काका स्वतः खिशात कांदा घालून आले. त्या दिवशी बाबा जितके हसले तितके आई गेल्यापासून हसले नव्हते.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या टेबलफॅनला जाळी आणि मोरीतला पंप जोडून तुम्ही दोघांनी जो कूलर बनवला, त्याचं पाणी गालिच्यावर सांडलं, त्याचे पैसे एजन्सीने कापलेच. त्याची नोंद मात्र त्यांनी त्याच दिवशी घेतली, आणि कारवाईही. ७ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली महिला क्रिकेटची भारत-ऑस्ट्रेलिया फायनल तुम्ही आमच्याकडे पाहिलीत. आमच्या सांगलीच्या स्मृती मानधनाचा त्रिफळा लवकर उडाला तेव्हा तुम्ही सभ्यपणे गप्प बसलात. हरमनप्रीत खेळत होती तोवर बाबा तुमच्याकडे बघून मिशीत हसत होते. नऊ धावांनी हरलो. बाबा दोन तास बोलले नाहीत, आणि तुम्ही दोन तास उठलाही नाहीत. काकूंनी तेवढ्यात आमच्या ओट्यावरची भांडी घासून टाकली, मला न विचारता, त्याचा राग अजून आहे.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीच्या ९ तारखेपासून तुमची टीम नागपुरात, जामठ्याच्या मैदानावर पहिली कसोटी खेळणार आहे. बाबांनी माळ्यावरची नव्हे, खालची खोली झाडून ठेवलीय, असा निरोप आहे. फेब्रुवारीत ऊन बेताचं असतं, संत्री असतात, आणि सकाळी तर्री-पोहे खायला ते स्वतः घेऊन जाणार आहेत. तिखट झेपेल का हे काकांनी आधी कळवावं. तिकिटांचंही तेच बघतील. फक्त पाचही दिवसांची काढू नयेत असं त्यांचं म्हणणं आहे. खेळपट्टी त्यांना माहीत आहे, तुमच्या लोकांना तीन दिवस पुरतील.

तुमची,
कुंपणाअलीकडची