अलिबागच्या घोडेवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचाल की नाही, माहीत नाही. पण तुमचा नातू दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, अशी तक्रार तुम्हीच केली होतीत. त्याच्याकडून वाचून घ्या. पौष पौर्णिमेच्या संध्याकाळी एक जाडा माणूस चपला हातात घेऊन तुमच्या घोड्यांच्या मागे चालत होता आणि सारखा फोटो काढत होता, आठवतंय? त्यांची मी बायको. तुमच्या हिरा घोड्यावर बसले होते ती.

त्या दिवशी निघताना "थँक्यू मामा" म्हटलं आणि रिक्षात बसलो. तेवढ्याने भागत नाही, म्हणून हे पत्र. खरं सांगायचं तर तुमचे आभार मानायचे आहेत ते तुम्ही जे जे करायला नकार दिलात त्याबद्दल. पर्यटनाच्या गावात गिऱ्हाईक समोर उभं असताना, खिशातून पैसे काढत असताना, नाही म्हणणारा माणूस सहसा भेटत नाही.

पहिला नकार आदल्या शनिवारचा. आम्ही मांडव्याला बोटीने उतरून उन्हं कलायच्या वेळी किनाऱ्यावर पोचलो, तर पाणी पार बंधाऱ्याला लागलेलं. वाळूचा एक चिंचोळा पट्टा तेवढा उरला होता आणि त्यात भेळेच्या गाड्या, माणसं, पोरांचं क्रिकेट. तरी एकदोघे घोडेवाले हाका मारत होतेच. तुम्ही मात्र घोड्यांना बंधाऱ्यावर बांधून बिडी ओढत बसला होतात. विचारलं तर म्हणालात, "आज अष्टमी आहे ताई. सहाला पूर्ण भरती. पुढच्या शनिवारी पौर्णिमा आहे, तेव्हा या. समुद्र आत गेलेला असेल, वाळू टणक मिळेल." आणि तुमचा तो हिशेब सांगितलात: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे येईल ती भरतीची वेळ. अष्टमीचे आठ, पाऊणपट सहा. पौर्णिमेचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आत भरती होऊन जाते आणि साडेपाच-सहाला ओहोटी. आमच्या लेकीने लगेच मोबाइलवर भरतीचं कोष्टक उघडून पडताळलं. थोडाफार फरक निघाला, पण तुमचं गणित खोटं म्हणण्याइतका नाही. मी आयुष्यभर कालनिर्णयची पानं उलटली ती संकष्टी आणि सुट्ट्या बघायला. त्याच पानावर समुद्राचंही वेळापत्रक आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं.

कोरड्या वाळूत का नेत नाही, हेही तुम्ही सांगितलंत. भुसभुशीत वाळूत खूर रुततो, प्रत्येक पावलाला पाय उपसावा लागतो आणि घोड्याच्या पायाच्या शिरा धरतात. पार पाण्यातली वाळूही नको, ती खालून सुटते. ओहोटीने नुकतीच मोकळी केलेली, ओली पण घट्ट वाळू हवी. ही पट्टी रोज जागा बदलते आणि रोज वेळही बदलते. आम्हाला वाटत होतं सूर्यास्त बघायला यायचं, त्यात काय ठरवायचं!

दुसरा नकार आमच्या ह्यांच्या वाट्याला आला. पौर्णिमेला तुम्ही आल्या आल्या विचारलंत, "साहेब, वजन किती?" हे म्हणाले, "नव्वदच्या आसपास असेल." तुम्ही वरून खालपर्यंत एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "शंभराला टेकलंय. माझं जनावर पावणेचारशे किलोचं. त्याच्या पाचव्या हिश्शाच्या वर मी पाठीवर देत नाही." ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. घरात मी इतकी वर्षं जे गोड बोलून, रागावून, डाएटचे डबे करून सांगत आले, ते तुम्ही घोड्याच्या बाजूने एका वाक्यात सांगितलंत. त्याबद्दल वेगळे आभार.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते घोड्यावर चढण्याबद्दल. माझा उजवा गुडघा वर्षभर दुखतोय. रिकिबीत डावा पाय घालून अंग वर फेकायचं म्हणजे दुसऱ्या पायाने आधी जोर द्यायला हवा, आणि तो देता येईना. बंधाऱ्यावर माणसं बसलेली, कणीस खात बघत होती. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की लेकीला बसवायचं आणि आपण ह्यांच्याबरोबर चालायचं. तुम्ही माझ्याकडे न बघता हिराचा लगाम धरलात, त्याला बंधाऱ्याच्या पायऱ्यांना समांतर आणून उभं केलंत आणि म्हणालात, "खालून चढू नका ताई. खालून ओढून चढलं की खोगीर एका बाजूला फिरतं, त्याच्या पाठीला पीळ बसतो. वरच्या पायरीवरून बसा." मी दोन पायऱ्या चढले, पाय पलीकडे टाकला आणि बसले. नंतर लेकीलाही तुम्ही तिथूनच बसवलंत, आणि तिचे गुडघे तर धडधाकट आहेत. तेव्हा कळलं की घोड्याचं कारण खरंच होतं. माझी लाज राखायला काढलेलं नव्हतं. पण लाज राखली गेली हेही तितकंच खरं.

लेकीचं सांगायचं तर ती यायलाच तयार नव्हती. एका दुसऱ्या किनाऱ्यावर आम्ही बरगड्या दिसणारे, खोगिराखाली जखमा झालेले घोडे पाहिलेत. तेव्हापासून तिचा या सगळ्या प्रकाराला विरोध आहे, आणि तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही. तिने तुम्हाला पोलिसी थाटात विचारलं, "ह्यांना खायला काय देता? दिवसाला किती फेऱ्या?" तुम्ही रागावला नाहीत. खोगीर वर उचललंत, खालची घोंगडी बाजूला केलीत आणि तिचा हात हिराच्या पाठीवर ठेवलात. कुठे खरचटलेलं नाही, केस घासलेले नाहीत. मग चंदीचं सांगितलंत: भिजवलेले चणे, गव्हाचा कोंडा, गवत, आणि हे सगळं घमेल्यात, वाळूवर टाकून कधीच नाही, कारण वाळू पोटात गेली की पोटशूळ उठतो आणि घोड्याला ओकता येत नाही. ते तिने नंतर शोधून पाहिलं. घोड्याला खरंच उलटी होत नाही. दुपारी बारा ते चार तुमचे घोडे सावलीत असतात, हेही सांगितलंत.

निघण्याआधी तुम्ही चारही खूर उचलून आकडीने साफ केलेत. मागच्या डाव्या खुरातून शिंपल्याचा एक तुकडा निघाला, नखाएवढा. तो तुम्ही समुद्राकडे न फेकता खिशात टाकलात. मग तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळलात, त्याखाली दोन बोटं सरकवून पाहिलीत, आणि शंभरेक पावलं गेल्यावर थांबवून परत आवळलात. "हा लबाड आहे, तंग बांधताना पोट फुगवून ठेवतो," असं म्हणून हिराच्या मानेवर थाप मारलीत. हिराने एक कान तुमच्याकडे वळवला आणि दुसरा पुढेच ठेवला. पुढचा तासभर मी त्या कानांकडेच बघत होते. तुम्ही बोललात की डावा कान मागे, लाट फुटली की दोन्ही पुढे.

सुरुवातीला मी लोकलच्या दारातली दांडी धरतात तसं खोगीर धरलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. "हात सैल. मांडीनं धरा. टाच खाली, बोटं वर. त्याच्या कानांच्या मधून लांब बघा, खाली बघू नका." चार वाक्यं. मी खाली बघायचं सोडलं आणि कंबर त्याच्या चालीबरोबर आपोआप हलायला लागली. घोडा उंच असतो हे माहीत होतं, पण वरून समुद्र वेगळा दिसतो, हे नव्हतं माहीत. पाणी मागे सरकताना काळसर वाळूवर उरलेला पातळ थर वरून आरशागत चमकतो आणि त्यात आकाशाचा नारिंगी रंग थेट घोड्याच्या पायांपर्यंत येतो.

समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत न्या म्हणून लेक हट्टाला पेटली. समोर दिसतच होता, पाणीही ओसरलेलं, एकदोन घोडागाड्या तिकडून परत येत होत्या. तिला कान्होजी आंग्र्यांचा तो किल्ला आतून बघायचा होता, १७५९ सालचं रघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळही. तुम्ही म्हणालात, "उद्या दुपारी जा, ओहोटी लागली की. आता गेलो तर परत यायला अंधार, आणि पाणी समोरून येत नाही, बाजूच्या चरांतून येऊन मागे भरतं." दुसऱ्या दिवशी आम्ही चालत गेलो आणि तुम्ही कोणत्या चरांबद्दल बोलत होतात ते बघून घेतलं. घोट्याएवढं पाणी होतं, पण खोली कळत होती.

चौथा नकार रीलचा. लेकीला भरधाव घोडा हवा होता, मागे सूर्य, केस उडतायत वगैरे. विरोध असलेली मुलगी तासाभरात इथवर आली होती, बघा! तुम्ही म्हणालात, माणसं आहेत, पोरं खेळतायत, त्या चार चाकांच्या गाड्या भुर्रकन कुठूनही येतात, इथं पळवणार नाही. मात्र गर्दी मागे पडल्यावर तुमच्या नातवाने तिचा मोती दुडक्या चालीने थोडा नेला आणि आणला. ती खाली उतरली तेव्हा रील काढायचं राहूनच गेलं होतं.

आमच्या ह्यांनी मधेच सुरू केलेलं चुंबकाचं व्याख्यान तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दलही आभार मानायला हवेत. हे रेल्वेत विजेच्या खात्यात आहेत आणि अलिबागची चुंबकीय वेधशाळा हा त्यांचा लाडका विषय. मुंबईच्या कुलाब्याची वेधशाळा होती, शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विजेने चुंबकाची नोंद बिघडेल, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी बांधली. त्याआधी मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम होत्या आणि विजेची पहिली ट्राम धावली १९०७ साली. हे सगळं हे चालता चालता, धापा टाकत सांगत होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "म्हणजे मुंबईनं घोडे काढले, म्हणून आमच्या गावाला वेधशाळा मिळाली." ह्यांना हसू आवरेना. घरी आल्यापासून हे वाक्य ते ऑफिसात सगळ्यांना ऐकवतायत, आपलं म्हणून.

सव्वासहाच्या सुमारास तुम्ही घोडे थांबवलेत आणि तोंड समुद्राकडे करून उभे केलेत. कुणी काही सांगितलं नव्हतं. किल्ल्याच्या अंगाने सूर्य खाली गेला, शेवटी तळाशी चपटा होत. मग तुम्ही म्हणालात, "आता मागे वळा." नारळांच्या शेंड्यांवरून पौर्णिमेचा चंद्र वर येत होता. पौर्णिमेला सूर्य बुडतो तेव्हाच चंद्र उगवतो, हे शाळेत शिकलेलंच. पण दोन्ही एकदम बघायला मान वळवायला लागते, आणि कुणी तरी आठवण करून द्यावी लागते.

परतल्यावर तुम्ही आधी घोड्यांचे पाय बादलीतल्या गोड्या पाण्याने धुतलेत, खारं पाणी कातडी आणि नाल खातं म्हणून, आणि मग आमच्याकडून ठरलेले पैसे घेतलेत. मी गुळाचा खडा आणला होता. बोटात धरून द्यायला गेले तर तुम्ही माझा तळवा सपाट केलात, अंगठा आत दुमडलात. हिराचे ओठ तळव्यावरून फिरले, खडा गेला, बोटं शाबूत.

तुम्ही सांगितलं होतंत की हिरा सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणला, तापीकाठून, आणि चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा, असा पंचकल्याणी बघूनच तुम्ही हटून बसलात. ह्यांना आता तो बाजार बघायचाय. तुम्ही पुन्हा जाणार असाल तर कळवा. घोडा घ्यायला नाही, घाबरू नका. डोंबिवलीत स्कूटर लावायला जागा नाही.

फोटो छापून रिक्षावाल्या भाऊंकडे पाठवलेत, मिळाले असतील. एक तुमच्या घरासाठी, एक हिराच्या तबेल्यात लावायला, लेकीचा आग्रह. आणि पुढच्या खेपेचं विचारायचं होतं. फाल्गुनी पौर्णिमा होळीची, तेव्हा गर्दी असणार, म्हणून त्याआधीची माघी अमावास्या आम्ही कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे. पंधराची पाऊणपट तीच, म्हणजे ओहोटी संध्याकाळीच. त्या दिवशी नाल मारायला देणार असाल किंवा हिराला विश्रांती असेल, तर आधी फोन करा, आम्ही दुसरी तिथी बघू. हे तीन किलो उतरलेत. अजून बरंच अंतर आहे, पण रोज सकाळी विचारतात, मामांचा पाचवा हिस्सा म्हणजे नक्की किती होतो?

तुमची,
डोंबिवलीची ताई