इनारीच्या आजीस, बुटांतल्या कागदांबद्दल

प्रिय आजी,

हे तुला वाचता येणार नाही. तुझा नातू फोनला दाखवून काहीतरी अर्थ लावेल आणि तू 'बरं' अशी मान हलवून चुलीत लाकूड सारशील, एवढं मला इथे बसून दिसतंय. तरी मराठीतच लिहिते. खरं तर मराठीतही आभार मानायची आम्हाला फारशी सवय नाही. घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं की 'आता परकी झालीस होय?' असं ऐकावं लागतं. तुमच्या फिनिशमध्ये 'प्लीज'ला सरळ शब्दच नाही असं कळलं, तेव्हा वाटलं, आपलं जमणारच होतं. आणि तिकडे सगळे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, तेही बरं. आमच्याकडे मोठ्यांना अहो-जाहो, पण आईला आणि आजीला तूच.

परवा साताऱ्यात धो धो पाऊस होता. भाचा कासला भिजून आला आणि उद्या कॉलेजला घालायला दुसरे बूट नाहीत म्हणाला. मी 'सकाळ'ची पानं चुरगाळून त्याच्या बुटांत कोंबली. रात्री दोनला आपोआप जाग आली, उठले, ओले कागद काढून कोरडे भरले. मग तिथेच चप्पलस्टँडपाशी बसून रडले. भाऊ घाबरून बाहेर आला. त्याला काय सांगणार?

ज्यांना ही हकीकत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

यंदा फेब्रुवारीत मी एकटीच पाठीवर बॅग टाकून फिनलंडला गेले. वय ४६, नोकरी बँकेत, बर्फाचा अनुभव म्हणजे मनालीला हनिमूनमध्ये काढलेले फोटो. सगळं बुकिंग आपल्याकडच्याच एका ट्रॅव्हलवाल्यांकडून केलं होतं. बूटही त्यांनीच भाड्याने दिले. 'उणे तीसला बिनधास्त चालतात मॅडम, आमची माणसं अंटार्क्टिकाला जाऊन आली.' हेलसिंकीहून रात्रीची ट्रेन रोव्हानिएमीला सकाळी पोचते. तिथे उत्तर ध्रुववृत्ताच्या रेषेवर एक पाय अलीकडे, एक पलीकडे असा फोटो काढून घेतला आणि तिथून सव्वातीनशे किलोमीटर बसने तुझ्या इनारीला आले. पाच तासांहून जास्त. खिडकीतून फक्त पाइन, बर्फ आणि मधूनच रस्त्याच्या मधोमध निवांत उभे रेनडिअर. ड्रायव्हर हॉर्नसुद्धा वाजवत नव्हता. आपल्याकडे म्हैस आडवी आली की काय काय ऐकायला मिळतं, ते आठवून हसू आलं.

उतरले तेव्हा संधिप्रकाश होता, थंडी उणे २८. मुक्कामाची जागा शोधायची सोडून मी आधी सरोवरावर गेले, हा माझा शहाणपणा. इनारीचं सरोवर एक हजार चौरस किलोमीटरहून मोठं, सगळं गोठलेलं, वर मऊ बर्फाची दुलई. मला कुणी सांगितलं नव्हतं की त्या दुलईच्या ओझ्याने खालचा जाड बर्फ दबतो, फटींतून पाणी वर येतं आणि मऊ बर्फाच्या आड न गोठता लपून राहतं. वरून कळत नाही. चार पावलं गेले आणि दोन्ही पाय घोट्याच्या वर त्या गारढोण चिखलात. बुडायची भीती नव्हती, खाली बर्फ भक्कम होता. पण अंटार्क्टिकाला जाऊन आलेले बूट स्पंजसारखे पाणी प्यायले.

मुक्कामाच्या जागी गेले तर माझ्या नावाचं बुकिंगच नाही. पैसे पोचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ६ फेब्रुवारी, सामी, म्हणजे तुझ्यासारख्या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा राष्ट्रीय दिवस, गावातली एकूण एक खोली भरलेली. पुण्याला ट्रॅव्हलवाल्यांच्या ऑफिसला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. तिथल्या माणसाने उचलला हे विशेष. म्हणाला, 'मॅडम, आता ऑफिस बंद आहे, आजच्या दिवस जरा ॲडजस्ट करून घ्या.' ॲडजस्ट! उणे अठ्ठावीसमध्ये, ओल्या पायांनी. पुढचं बोलायच्या आत थंडीने बॅटरीच मेली.

मग मी किराणा दुकानाच्या दोन दारांमधल्या जागेत जाऊन बसले. पायाची बोटं आधी दुखत होती, मग दुखायची थांबली. ते बरं लक्षण नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तुला माहीत होतं. तू पिशव्या घेऊन बाहेर निघालीस, माझ्या तोंडाकडे बघितलंच नाहीस, बुटांकडे बघितलंस. वाकून एका बोटाने दाबलंस आणि म्हणालीस, 'मॅर्कॅ.' मी शिकलेला पहिला फिनिश शब्द. ओलं. मग इंग्रजीत दोनच शब्द, 'कम. हाउस.'

बाहेर तुझी पोत्कुकेल्का उभी होती. वाचणाऱ्यांसाठी सांगते, ही एक खुर्ची असते, खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या. मागे उभं राहून एक पाय पट्टीवर ठेवायचा, दुसऱ्याने जमीन ढकलत जायचं. तिकडे म्हाताऱ्या बायका बाजारहाट त्यावरच करतात. तू मला त्या खुर्चीत बसवलंस, बटाट्याची पिशवी मांडीवर दिलीस आणि सत्तरी ओलांडलेली तू मला, पासष्ट किलोच्या बाईला, अधिक बारा किलोच्या बॅगेला, ढकलत निघालीस. उतारावर तू दोन्ही पाय पट्ट्यांवर घेतलेस आणि आपण सुसाट सुटलो. मी किंचाळले. तू हसलीस, पहिल्यांदाच. डोक्यावर तेव्हा हिरवे नॉर्दर्न लाइट्स नाचत होते म्हणे, ज्यांच्यासाठी मी लाखभर रुपये मोडले होते. मी बटाटे सांभाळत होते. फिनिशमध्ये त्यांना कोल्ह्याची आग म्हणतात, कोल्हा शेपटीने बर्फ उडवतो म्हणून. कोल्हा येऊन गेला, मला दिसला नाही. फारसं वाईट वाटत नाही.

घरी तू माझे पाय चोळले नाहीस, शेकोटीजवळही नेले नाहीस. कोमट पाण्याचं घमेलं पुढे ठेवलंस आणि घड्याळ दाखवलंस. बोटांत जीव परत येताना जी कळ आली, ती बाळंतपणाच्या खालोखाल. मग बऱ्याच वेळाने सौना. छप्पन्नेक लाख लोकांच्या देशात तीसेक लाख सौना आहेत हे मी वाचून गेले होते, पण आत अंगावर काही न घालता बसायचं असतं हे वाचूनही मनाने घेतलं नव्हतं. मी टॉवेल गच्च धरून उभी. तू एकदा बघितलंस आणि दुसरीकडे तोंड करून दगडांवर पाणी ओतलंस. ती वाफ अंगावर आली आणि मला आजोळच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवला, पाठ चोळणारी आजी आठवली. टॉवेल कधी सुटला कळलं नाही.

आणि एकही प्रश्न नाही. आपल्याकडे कुणी मदत केली तर तिसऱ्या वाक्याला आडनाव, चौथ्याला गाव, पाचव्याला 'एकट्याच? मिस्टर कुठेत?' तू माझं नावसुद्धा दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी विचारलंस. पहिल्या रात्री मला तो कोरडेपणा वाटला. आता वाटतं, नाव-गाव कळल्याशिवाय जी माया सुरू होत नाही, ती थोडी हिशोबीच असते. माझ्या ट्रॅव्हलवाल्यांना माझं नाव, पासपोर्ट, रक्तगट, सगळं माहीत होतं.

पण हे सगळं नसतं तरी चाललं असतं. माझ्या मनात रुतून बसली आहे ती बुटांची गोष्ट.

झोपताना तू माझे बूट चुलीपासून हातभर लांब मांडलेस, आतले तळवे काढलेस आणि वर्तमानपत्राची पानं चुरगाळून टोकापर्यंत भरलीस. 'लापिन कान्सा'ची. उजव्या बुटातून एका रंगीत जाहिरातीचा तुकडा बाहेर डोकावत होता, लाल ट्रॅक्टर. झोपेपर्यंत मी त्या ट्रॅक्टरकडे बघत होते. सकाळी उठले तर ट्रॅक्टर नाही. बुटात काळ्या मजकुराची पानं. चुलीपाशी टोपलीत ओल्या कागदांचे गोळे होते, मी मोजले, तीन वेळचे भरतील एवढे. म्हणजे रात्रीतून तू दोनदा तरी उठलीस. एका अनोळखी बाईच्या बुटांसाठी. मला जाग येऊ नये म्हणून दिवाही लावला नसशील. सकाळी त्याबद्दल अवाक्षर नाही. कॉफी ओतलीस आणि बूट पुढे सरकवलेस. कोरडे, आणि आतून किंचित ऊब असलेले.

दुसऱ्या दिवशी तू सणाचा पोशाख घालून मला सायोसला, सामी संसदेच्या इमारतीपाशी नेलंस. १९१७ साली याच तारखेला नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला सामी लोक पहिल्यांदा देशांच्या सीमा ओलांडून एकत्र जमले, म्हणून हा दिवस. लाल, निळा, हिरवा, पिवळा झेंडा वर गेला, त्यातलं वर्तुळ म्हणजे अर्धा सूर्य, अर्धा चंद्र. तू गात होतीस. तुझ्या इनारी सामी भाषेतलं अक्षरही माझ्या फोनला येत नव्हतं. ती बोलणारे चारेकशे लोक उरलेत असं नातवाने सांगितलं. आजी, आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात. वसतिगृहाच्या शाळेत फिनिशच बोलावं लागे, म्हणून पुढे तू मुलाशी आपली भाषा बोललीच नाहीस. मग १९९७ मध्ये गावात 'भाषेचं घरटं' निघालं, म्हणजे अशी बालवाडी जिथे मोठी माणसं मुलांशी दिवसभर फक्त इनारी सामी बोलतात. नातू त्यात शिकला आणि आता बापाला शिकवतो. हे सांगताना तू खिडकीबाहेर बघत होतीस, म्हणून मी पुढे विचारलं नाही. थोडं शिकले होते मी तोवर.

सगळंच शिकले होते असं नाही. संध्याकाळी मी उत्साहाने विचारलं, 'तुमच्या मुलाकडे रेनडिअर किती?' टेबलावर शांतता. नातवाने हळूच सांगितलं की हा प्रश्न म्हणजे बँकेत शिल्लक किती असं विचारणं. मी बँकेतली बाई, मला तर कळायला हवं होतं! तू मात्र गंभीर चेहऱ्याने उत्तर दिलंस, 'झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत.' आणि मग तिघंही हसत सुटलो.

सामी संस्कृतीच्या सीदा संग्रहालयात तू मला एकाच काचेपुढे बराच वेळ उभं केलंस. रेनडिअरच्या कातड्याचे बूट, टोकं वर वळलेली, स्कीच्या पट्ट्यात अडकावीत म्हणून. त्यांच्या आत मोजे नाहीत, वाळवलेलं गवत. ते रोज काढून वाळवायचं, पिंजायचं, पुन्हा भरायचं. हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०२१ मध्ये सामी लोकांच्या २,२०० हून जास्त वस्तू इथे परत पाठवल्या, हे फलकावर वाचत होते, तेवढ्यात तू काचेतल्या गवताकडे बोट केलंस आणि मग माझ्या बुटांकडे. 'पेपर,' म्हणालीस आणि खांदे उडवलेस. आता गवत कोण कापतंय, असं काहीसं.

बाकीचे चार दिवस नुसती मजा. बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसलो. त्याला परवाना लागत नाही, लागतो फक्त धीर. मला एक बोटभर मासा लागला तो तू गंभीरपणे परत सोडायला लावलास. शाळेतल्या पोरांबरोबर प्लास्टिकच्या घसरगाडीवरून टेकडी उतरले, पाचव्यांदा उतरताना एका पोराच्या आईने 'आता मुलांना पाळी द्या' असं नजरेने सांगितलं. नातवाबरोबर बर्फात पाय रुतू नयेत म्हणून रुंद स्नोशू घालून पिएल्पायार्वीच्या १७६० च्या लाकडी चर्चला गेले. पूर्वी इनारी सामींचं हिवाळी गाव त्याच्याभोवती असायचं, आता नुसतं जंगल. जवळ एक उघडी झोपडी आहे. कुलूप नाही, भाडं नाही, कुणीही यावं. शेगडीशेजारी बारीक चिरलेल्या ढलप्या आणि बर्चची साल रचून ठेवलेली होती, गारठून आलेल्या माणसाला थेट काडी ओढता यावी म्हणून. कुणी ठेवल्या? नातवाला प्रश्नच कळला नाही. आधीच्याने. निघताना त्याने माझ्या हातात कुऱ्हाड दिली. मी फोडलेल्या ढलप्या वेड्यावाकड्या होत्या, पण पेटल्या असतील.

ट्रॅव्हलवाल्यांनी शेवटी मला पैसे नव्हे, पुढच्या सहलीवर दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं आणि खाली लिहिलं, कृपया आम्हाला पाच तारे द्या. तारे देऊन झालेत म्हणून कळवलं.

निघायच्या दिवशी बसपाशी मी 'कीतोस', म्हणजे फिनिशमधलं थँक्यू, म्हणायला तोंड उघडलं तर रडूच आलं. नातवाने कानात तुझ्या भाषेतला शब्द सांगितला, 'ताक्का.' तो म्हटला. तू मान डोलावलीस, माझ्या बुटांकडे एकदा बघितलंस आणि पोत्कुकेल्का वळवलीस.

तुझे लोकरीचे मोजे चुकून नाही, मुद्दाम आणलेत. परत पाठवणार नाही. डाव्याच्या टाचेला भोक पडलं होतं, ते रफू केलंय. करडी लोकर इथे मिळाली नाही म्हणून हिरव्याने.

तुझी,
बटाटेवाली