रुग्णवाहिकेचा मागचा दरवाजाही उघडून दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात अधूनमधून रुग्णवाहिका लोकार्पणाचे फोटो येतात. पांढरीशुभ्र गाडी, बॉनेटवर झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू आणि फीत धरायला माणसांची दाटी. परवाच्या फोटोत मी नऊजण मोजले. देणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पदरमोड करून कोण कुणासाठी गाडी घेतो? पण आजवर पाहिलेल्या अशा एकाही फोटोत गाडीचा मागचा दरवाजा उघडा नव्हता. रुग्ण जिथे झोपणार ती जागा कुणी दाखवत नाही आणि कुणी बघायलाही मागत नाही.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. बस-बॉडीच्या कामात एकतीस वर्षे काढली, सीटची फ्रेम जमिनीला धरणारे बोल्ट आवळण्यातच त्यातली निम्मी गेली. त्यामुळे गाडीत बसलो की नजर आधी खाली जाते. ही खोड घरच्यांना ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर माझे थोरले बंधू कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाय घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले होते. १०८ फिरवायच्या आधीच शेजारच्या मुलाने जवळच्या एका संस्थेची गाडी बोलावली, आणि ती दहा मिनिटांत आलीही. सोबत फक्त चालक होता. मागे दादांच्या शेजारी मी आणि पुतण्या. होंडा, साखळी, आमोण्याचा पूल, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे करत आम्ही बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोहोचलो. त्या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत ते मला त्या दिवशी कळले, कारण प्रत्येक गतिरोधकाला स्ट्रेचर बोटभर पुढे सरकत होता. पुढच्या बाजूचे कुलूप बसवलेलेच नव्हते. मी त्याला गुडघा लावून बसलो. आमच्या बाकाला पट्टे नव्हते. ऑक्सिजनचा सिलिंडर कोपऱ्यात नायलॉनच्या दोरीने बांधलेला, गाठ मात्र बैल बांधायची, पक्की. सलाईनची हूक छताला नेमकी माझ्या कपाळाच्या उंचीवर. माशेलच्या अलीकडे कुत्रे आडवे आले, चालकाने ब्रेक दाबला आणि ती हूक मला लागली. गोमेकॉत पोहोचल्यावर सिस्टरनी आधी मलाच धरले. दादा स्ट्रेचरवरून म्हणाले, "अहो, पेशंट मी आहे." मला तीन टाके पडले. चालक बिचारा शेवटपर्यंत माफी मागत होता, पण त्याचा काय दोष?

या गाडीच्या बाहेर 'कार्डियाक ॲम्ब्युलन्स', म्हणजे हृदयरुग्णांसाठीची गाडी, असे लाल अक्षरांत लिहिलेले होते.

या शब्दाचा आपल्याकडे फार सुळसुळाट झाला आहे. सिलिंडर ठेवला की गाडी कार्डियाक झाली. वास्तविक आपल्या देशात रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ नावाचे मानक आहे आणि त्यात चार प्रकार स्पष्ट केले आहेत. 'ए' म्हणजे नुसता प्रथमोपचार घेऊन धावणारे वाहन, यात रुग्ण नेत नाहीत, दुचाकीसुद्धा चालते. 'बी' म्हणजे ज्याची प्रकृती वाटेत बिघडण्याची शक्यता नाही अशा रुग्णाला नेणारी गाडी. 'सी' म्हणजे बेसिक लाइफ सपोर्ट आणि 'डी' म्हणजे ॲडव्हान्स्ड, जिथे श्वासनलिकेत नळी घालून, मॉनिटर लावून रुग्ण नेता येतो. डायलिसिसला किंवा टाके काढायला म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात जायचे तर 'बी' उत्तम, आणि गावात तिचीच गरज जास्त. मग तिला 'बी' म्हणण्यात कमीपणा कसला? खोटे नाव रंगवले की अडलेला माणूस छातीत कळ आलेल्या बापाला त्यात घालतो, आणि आत हाताशी काहीच नसते.

निवृत्तीनंतर मी नातवाच्या मोबाइलवर देशोदेशीच्या रुग्णवाहिका बघत बसतो. नातू म्हणतो, "आबा, तुम्हाला दुसरे काही मिळत नाही का?" पण कामाच्या माणसाला यात बघण्यासारखे खूप आहे. अमेरिकेत १९६६ साली एक राष्ट्रीय पातळीवरचा अहवाल आला. त्यात म्हटले होते की देशातली निम्मी रुग्णवाहिका-सेवा अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक चालवतात. माणूस आडवा मावेल अशी गाडी त्यांच्याचकडे होती, त्याला कोण काय करणार? आपल्याकडेही एकाच गाडीवर आज रुग्णवाहिका आणि उद्या शववाहिका अशी पाटी बदललेली मी पाहिली आहे, म्हणून हसू आले नाही. पुढे १९७४ मध्ये त्यांनी खरेदीचे नियम लिहून काढले आणि तीन प्रकार ठरवले: ट्रकच्या सांगाड्यावर वेगळी पेटी, उंच छताची व्हॅन, आणि व्हॅनचे पुढचे तोंड ठेवून मागे बसवलेली पेटी. या पेटीचे मला फार कौतुक वाटते. इंजिन संपले की पेटी उचलून नव्या सांगाड्यावर चढवतात. आत कपाटे तीच, बिजागऱ्या त्याच.

जर्मनीत डॉक्टर वेगळ्या छोट्या कारने येतो आणि रुग्णवाहिका वेगळी येते, दोघे रुग्णाच्या दारात भेटतात. फ्रान्समध्ये डॉक्टर गाडीतूनच येतो आणि बरेच उपचार जागेवर होतात. जिथे गाडी उभी करून काम करायचे तिथे छत उंच लागते, चारी बाजूंनी हात पोहोचावा लागतो. म्हणून युरोपातल्या बऱ्याच गाड्यांत स्ट्रेचरखाली सरकता ओटा असतो: नेताना तो बाजूला लावतात, काम करताना मध्ये ओढतात. आपल्याकडच्या दान मिळालेल्या गाड्यांत स्ट्रेचर एका भिंतीला चिकटलेला, दुसऱ्या बाजूला लांब बाक. भिंतीकडच्या हातात सुई टोचायची तर रुग्णाच्या अंगावर ओणवे व्हावे लागते. डोक्यापाशी मागे तोंड करून बसायची एक खुर्ची हवी. श्वास अडकला, उलटी झाली, तर मदत करणारा माणूस तिथेच लागतो. आमच्या त्या गाडीत तिथे स्टेपनी ठेवली होती.

जपानचे सांगतो. तिथे टोयोटाची हायमेडिक नावाची गाडी आहे, आपण पर्यटकांना फिरवताना बघतो तशा हायएस व्हॅनपासूनच बनलेली. तीन माणसांचा चमू असतो. स्ट्रेचरच्या खाली हादरे शोषणारा ओटा बसवतात. खुबा मोडलेल्या माणसाला घेऊन गतिरोधक ओलांडलेल्या प्रत्येकाला या ओट्याची किंमत कळेल.

युरोपच्या ईएन १७८९ या मानकातली एक गोष्ट मात्र प्रत्येक देणगीदाराने लक्षात ठेवावी. गाडीतली प्रत्येक वस्तू, स्ट्रेचरसकट, स्वतःच्या वजनाच्या दहापट झटका सोसून जागेवर राहिली पाहिजे. पुढे, मागे, आडवी, उभी, सगळीकडून. म्हणजे पंधरा किलोचा सिलिंडर दीडशे किलोच्या जोराने सुटायला बघतो. दोरीची गाठ कितीही पक्की असली तरी दोरीच तुटेल. आणि पत्र्याला स्क्रूने मारलेले कपाटही उखडेल. मागे पट्टी घालून ते सांगाड्याला धरायला हवे. हे काम वर्कशॉपमध्ये दुपारभरात होते, फक्त ते कुणीतरी सांगायला लागते.

परदेशातले सगळे इकडे आणा असे मी म्हणत नाही. जर्मन पेटी आमच्या वाड्यावरच्या वाटेत पहिल्याच वळणाला अडकेल, आणि दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत चढवताना तर देवच आठवेल. अरुंद वाटेला छोटी व्हॅनच बरी. गोव्यात १०८ सेवा २००८ पासून आहे, तिच्या दुचाकीही धावतात, आणि त्यामागचा विचार हाच की आधी माणूस पोहोचू दे, गाडी मागून येते. १०८च्या माणसांबद्दल, मग तो पायलट म्हणजे चालक असो की ईएमटी म्हणजे सोबतचा प्रशिक्षित मदतनीस, माझी तक्रार नाही. माझे म्हणणे दानाच्या गाड्यांबद्दल आहे. त्या आपण स्वतः ठरवून, पैसे मोजून घेतो, म्हणजे निवड आपल्याच हातात असते.

तर वाड्यावरची गोष्ट. दादांना कुळागरातून रस्त्यापर्यंत आणले ते प्लास्टिकच्या खुर्चीतून. चौघांनी चार पाय धरले. लाकडी फाट्यांवरून, पाटाच्या पाण्यातून. आमच्याकडे सगळ्यांना असेच आणतात, कारण चाकांचा स्ट्रेचर अंगणापर्यंतसुद्धा येत नाही. खुबा मोडलेल्या माणसाला असे बसवून आणायला नको होते, हे मला गोमेकॉत कळले. त्याला दोन बाजूंनी सरकवून जुळणारा, फावड्यासारखा दुभंगणारा स्ट्रेचर लागतो. आणि दम लागलेल्या, छातीत दुखणाऱ्या, ज्याला आडवे झोपवत नाही अशा माणसासाठी घडीची, पट्टे आणि मुठी असलेली खुर्ची मिळते. इंग्लंडमध्ये ती प्रत्येक रुग्णवाहिकेत असते, कारण त्यांच्या घरांचे जिने अरुंद. आमच्या सोप्याच्या पायऱ्या काही वेगळ्या नाहीत. गाडीवरच्या एलईडी पट्ट्यांपेक्षा ही दोन साधने आधी घ्यावीत.

जमिनीचेही बघा. प्लायवूडवर रेक्झिन चिकटवून कडेला ॲल्युमिनियमची पट्टी मारतात. पहिल्या पावसाळ्यात पट्टीखाली पाणी शिरते, दुसऱ्यात प्लाय फुगते आणि रक्त-उलटी धुतली तरी वास राहतो. व्हिनिलचा एकच सलग तुकडा भिंतीवर चार बोटे वर वळवून घेतला तर पाइपाने धुता येते. खर्चात फार फरक नाही.

माझी सूचना एवढीच आहे. पुढच्या लोकार्पणाला फीत कापण्याआधी प्रमुख पाहुण्यांना स्ट्रेचरवर झोपवावे, पट्टे लावावेत आणि बाजारापर्यंत एक फेरी मारून आणावी. सोबत बाकावर सरपंचांनी बसावे. मग फोटो काढावा, मागचा दरवाजा उघडा ठेवून.

आणि कुणा मंडळाला, पंचायतीला गाडी घेण्याआधी आतली मापे तपासून हवी असतील, तर मी रविवारी मोकळा असतो. टेप आणि पाने माझे स्वतःचे आहेत, चहा पाजला तरी पुरे. फक्त चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत बोलावू नये, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायचे काम आमच्या घरी माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर, सत्तरी