पॉप कशाला म्हणायचं: मुलीला पत्र

लष्कर, ग्वाल्हेर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पॉप म्हणजे जे चालतं ते, आई. त्याला व्याख्या-बिख्या नसते." क्लासच्या मुली येऊन बसल्या होत्या म्हणून मी तेव्हा विषय वाढवला नाही. पण तुझं उत्तर मला पटलेलं नाही. मुंबईत स्टुडिओत बसून तू रोज हेच काम करतेस, उद्या स्वतःच्या नावाने गाणी काढशील. आपण करतो ते काय आहे हे तुला नीट सांगता यायला हवं. आणि मी शास्त्रीय संगीतातला ख्याल शिकवते म्हणून मला पॉपमधलं काही कळणार नाही, असं मनात आणू नकोस. ख्यालाच्या शेजारी ठेवलं की ते जास्त स्वच्छ दिसतं.

आधी ते "चालतं" बाजूला ठेवू. गीतरामायण 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, वर्षभरात 56 गाणी झाली आणि लोक हातातली कामं टाकून रेडिओपाशी बसले. त्याला कुणी पॉप म्हणत नाही. गणपतीची आरती घरोघर पाठ असते, तीही पॉप नव्हे. उलट, चार माणसांनी ऐकून विसरलेलं गाणं मात्र पूर्णपणे पॉप असू शकतं. सगळ्यांना आवडावं हा पॉपचा हेतू खरा, पण ओळखायचं ते घडणीवरून.

आणि ती घडण, माझ्या मते, रेकॉर्डमधून आली आहे. नुसतं रेकॉर्ड होण्यातून नव्हे, हे लक्षात घे. 1902 मध्ये कलकत्त्याला गौहर जान ही गायिका ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर गायली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर फार तर तीन मिनिटं मावायची. तासभर खुलणारा राग तिने तेवढ्यात बसवला आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. तीन मिनिटांची मुदत, बाजारात विकायचा माल, सगळं जमून आलं होतं, तरी ते पॉप नव्हतं. राग तबकडीच्या बाहेर शिल्लक होता ना! तीच चीज, म्हणजे तीच बंदिश, दुसऱ्या दिवशी मैफलीत ती निराळी गायली असती आणि "हे रेकॉर्डसारखं नाही" अशी तक्रार कुणी केली नसती. आपल्या ग्वाल्हेर गायकीत बंदिशीला केवढा मान आहे, तुला माहीत आहे. स्थायी-अंतरा दोन्ही भरून म्हणायचे, शब्द गिळायचे नाहीत. पण तीच बंदिश गुरूच्या गळ्यातून एक येते आणि शिष्याच्या गळ्यातून दुसरी, आणि दोन्ही खऱ्या असतात.

पॉपमध्ये रेकॉर्ड हीच चीज. चाल, शब्द, ड्रमचा तो नेमका आवाज, गळ्याभोवतीचा एको, श्वास ऐकू येतो ती जागा, हे सगळं मिळून एकच वस्तू होते आणि ती कायमची ठरून जाते. पुढे कुणीही ते गाणं गायलं तरी आपण मनातल्या मनात मूळ रेकॉर्डशी ताडून बघतो. बीटल्स या इंग्लंडच्या बँडने 1966 मध्ये कार्यक्रमांचे दौरे बंद केले आणि स्टुडिओत बसून, स्टेजवर जशीच्या तशी वाजवताच येणार नाहीत अशी गाणी केली. मैफलीच्या गवयाला हे उलटं वाटेल. पण पॉप कशाला म्हणायचं ते मला या एका गोष्टीतून जितकं कळलं तितकं दुसऱ्या कशातून नाही.

मायक्रोफोनचं ऋणही मोठं आहे. 1925च्या सुमारास विजेवरचं रेकॉर्डिंग आलं आणि कर्ण्यात आवाज फेकायची गरज संपली. बिंग क्रॉस्बीसारखा गायक कानाशी बोलावं तसं गाऊ लागला. आपल्याकडे 1930च्या दशकात भावगीत आलं तेही याच वाटेने: हलका आवाज, ठरलेली चाल, ठरलेले म्युझिकचे तुकडे, एका बाजूत मावणारी कविता. पॉपचं सगळ्यात जवळचं मराठी नातं भावगीताशी आहे, असं मी म्हणेन. फक्त भावगीत बसून ऐकायचं आणि पॉप अंगात यायचं.

ते अंगात कसं येतं ते क्लासमध्ये दिसतं. इंग्रजी गाणं लावलं की आमच्या मुली सवयीने पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी देतात, कारण आपला कान समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, धावतो. पॉपमध्ये स्नेअर, म्हणजे ड्रममधला तो कडक ठोका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. वजन असं मागे सरकलं की मान आपोआप हलायला लागते. आता तुझ्या त्या चार कॉर्ड्सचं, म्हणजे एकदम वाजणाऱ्या तीन-तीन सुरांच्या जुळणीचं, बघ. कितीतरी गाण्यांत फिरणाऱ्या त्या चार मला सा, प, ध, म अशा ऐकू येतात. मी पेटीवर डाव्या हाताने त्या फिरवल्या आणि गळ्यात नुसता शुद्ध गंधार धरून ठेवला. सा-ग-पवर तो घरचा वाटतो. प-नि-रेवर तोच उपरा होतो, कुठेतरी जावंसं त्याला वाटतं. ध-सा-गवर परत आत येतो, पण जरा उदास. म-ध-सावर तरंगत राहतो. गंधार जागचा हललेला नसतो, खालची जमीन हलते. आपल्याकडे तानपुऱ्याचा षड्ज अढळ आणि वर सूर फिरतो, इथे सगळं नेमकं उलट. म्हणूनच दोन-तीन सुरांची चाल असूनही ती कोरडी वाटत नाही. "चार सुरांत काय गाणं असतं?" असं कुणी हिणवलं, तर त्याला पेटीवर हे करून दाखव.

हुक, म्हणजे पॉप गाण्यातला डोक्यात अडकणारा तुकडा, आणि मुखडा, म्हणजे बंदिशीची परत परत येणारी सुरुवात, एकच, असं तू एकदा म्हणाली होतीस. अर्धं बरोबर आहे. दोन्ही परत येतात. पण ख्यालात मुखडा तोच ठेवून त्याच्याकडे यायची वाट दर वेळी नवी काढायची, त्यात गाणाऱ्याचं कसब. पॉपमध्ये वाटही तीच असते. कडवं, कोरस, कडवं, कोरस, मध्ये एक ब्रिज, म्हणजे निराळ्या चालीचा तुकडा. ऐकणाऱ्याला पुढे काय येणार ते माहीत असतं आणि तेच त्याला हवं असतं. बदल होतो तो दाटीत: शेवटच्या कोरसला मागे आणखी आवाज येतात, कधी सगळं गाणं एक स्वर वर चढतं. आमच्या मुली यमनची बंदिश कितीतरी दिवस घोटतात आणि इथल्या बाड्याच्या बाजारातून येताना ऑटोत एकदा ऐकलेला कोरस मात्र पाठ करून येतात. मला त्यात हलकं काही दिसत नाही. अनोळखी माणसाच्या डोक्यात पहिल्याच भेटीत घर करायचं, हे अवघड काम आहे.

मग सिनेमाचं गाणं? ते पॉप नाही का? माझं उत्तर, बहुतेक वेळा नाही. लताबाईंचा एकच आवाज किती नायिकांना लाभला. गाणं त्या पात्राचं आणि त्या प्रसंगाचं असतं. पॉपमध्ये गाणारीच "मी" असते. चेहरा, कपडे, नाच, आवाज, सगळं एकाच माणसाचं. 1980 मध्ये नाझिया हसन 'कुर्बानी'साठी गायली ती झीनत अमानला आवाज द्यायला, आणि लगेच 1981 मध्ये ते गाणं करणाऱ्या बिद्दू या संगीतकाराच्याच संगीतावर तिचा स्वतःचा अल्बम आला, कव्हरवर तिचा चेहरा. माझ्या लेखी आपल्याकडच्या पॉपची रेघ तिथे ओढता येते. 1995 मध्ये अलिशा चिनॉयचा अल्बम आला तेव्हा टीव्हीवर सगळा देश तिला बघत होता, कुठल्या नायिकेला नाही. यावर तू भांडणार हे मला ठाऊक आहे. भांड.

रॉकशी असलेला फरक थोडक्यात सांगते. रॉकवाले "आमचं आम्ही लिहिलं, आम्हीच वाजवलं" याला मान देतात. पॉपला अनेक हात लागले तर चालतात. अमेरिकेत डेट्रॉइटला 1959 मध्ये मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढणारा बेरी गॉर्डी आधी मोटारीच्या कारखान्यात कामाला होता. गाणारे, लिहिणारे, वाजवणारे वेगवेगळे ठेवून त्याने गाणी घडवली आणि कोणतं बाजारात सोडायचं ते बैठक घेऊन ठरवलं. त्या गाण्यांत आहे तितकी माया मी फार थोड्या ठिकाणी ऐकली आहे, म्हणून "कारखान्यातलं गाणं" असं कुणी नाक मुरडून म्हटलं की मला राग येतो. बाजार गाण्याला आकार देतो हे मात्र खरंच. स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपवर 30 सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजलं जातं, मग सुरुवातीचं म्युझिक आखडणारच. तबकडी होती तेव्हाही मोजमाप यंत्राचंच होतं.

आता तुझ्या नव्या गाण्याबद्दल. हेडफोन लावून नीट ऐकलं. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास कोरस उघडतो ती जागा फार सुंदर झाली आहे, विशेषतः त्याआधी सगळं थांबवून फक्त तुझा श्वास ठेवलास ते. पण कोरसच्या तिसऱ्या ओळीत निषादावरून षड्जावर घसरत जाणारी तुझी मींड पहिल्या डेमोत होती, ती आता नाही. तिथे नि आणि सा असे दोन सुटे सूर ऐकू येतात. सूर आपोआप नेमका करणाऱ्या ऑटोट्यूनने केलं असणार. 1997 मध्ये ते सॉफ्टवेअर आलं आणि पुढच्याच वर्षी शेर या अमेरिकन गायिकेने ते उघडपणे, एक रंग म्हणून वापरलं. तसं वापरलंस तर माझी काहीच हरकत नाही. इथे मात्र रंगही आलेला नाही आणि मींडही गेली. ती रेकॉर्ड लोक पुढची कितीतरी वर्षं जशीच्या तशी ऐकणार आहेत, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून गायची सोय त्यात नाही. जुना टेक तुझ्याकडे असेलच. ती ओळ तेवढी त्यातून घे.

डिसेंबरात तानसेन समारोहाला येशील तेव्हा दोन्ही फाइली घेऊन ये, बाबांनाही ऐकायच्या आहेत. तिळाची गजक तेव्हाच ने, कुरिअरने पाठवली की तिचा चुरा होतो.

तुझी,
आई