वऱ्हाड्या, तू यादीत नव्हतास

पुणे, रविवार

प्रिय वऱ्हाड्या,

दीड वर्षात एक ओळ नाही आणि आज एकदम पत्र, म्हणजे याच्या अंगाशी काहीतरी आलंय हे तू ओळखलं असशीलच. छापखान्याच्या मेळाव्याचं आमंत्रण तुला गेलं नाही. गणपतीतल्या त्या भांडणामुळे मुद्दाम टाळलं, असं तू धरून बसला असणार. तसं नाही रे. तू फोनला सापडलाच नाहीस. (तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, गुडघे जागच्या जागी.)

पम्याच्या पुतणीने सगळी यादी फोनवरच्या एका ॲपमध्ये घातली होती. नाव शोधायचं, मेसेज पाठवायचा, खूण करायची. तुझं आडनाव टाकलं तर उत्तर शून्य. तिला वाटलं, हे येणार नसतील. मी आपला बोटाने यादी खाली सरकवत गेलो, तर एक्केचाळीसाव्या ओळीत तू ठाण मांडून बसलेला. वऱ्हाडपांडे, शुद्ध, अर्ध्या र सकट. आणि शोध म्हणतोय, असा माणूस नाही!

याचं कारण तुला नाही सांगायचं तर कुणाला? फोन अक्षर बघत नाही, युनिकोडचे म्हणजे प्रत्येक अक्षराला नेमून दिलेले आकडे जुळवतो, आणि तुझा ऱ्ह दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर (०९३१) घ्यायचं, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ह. दुसऱ्या तऱ्हेत साधा र (०९३०), पाय मोडका, मग झीरो विड्थ जॉइनर (२००डी) नावाचं एक न दिसणारं चिन्ह, आणि मग ह. रफार करू नकोस, अर्धा र ठेव, एवढाच त्या चिन्हाचा निरोप. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब. ते चिन्ह गाळलं तर ‘वर्हाडपांडे’ होतं. सदूच्या पत्रिकेवर तसं छापलं म्हणून तू पंगतीला बसायला तयार नव्हतास, तेच.

आपली जुनी यादी जुन्या फॉन्टमधून रूपांतर करून आणलेली, तिच्यात दुसरी तऱ्हा. पोरीने मराठी कीबोर्डवर र दाबून धरला आणि वर आलेला ऱ उचलला, म्हणजे पहिली. दोघांचंही बरोबर, आणि तू मधल्यामध्ये गायब. खिळ्यांच्या दिवसांत निदान खाना रिकामा दिसायचा.

खात्री करायला यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवून शेजारच्या रकान्यात लांबी मोजणारं ‘लेन’चं सूत्र लावलं. पहिल्या तऱ्हेने तुझी लांबी ११ येते: व, ऱ, हलंत, ह, काना, ड, प, काना, अनुस्वार, ड, मात्रा. यादीतल्या तुझ्या नावाची आली १२. तो बारावा म्हणजे आपला अदृश्य पाहुणा. रफारवाल्या चुकीच्या रूपाचीही लांबी ११च भरते, तेव्हा नुसत्या आकड्यावर विसंबू नये, डोळेही लावावेत.

दुरुस्ती करताना पहिल्या फटक्यात माती खाल्ली. ‘सबस्टिट्यूट’ लावून ते न दिसणारं चिन्ह (शीटला तेच आकडे साध्या दशमान रूपात लागतात, तिथे २००डी म्हणजे युनिचार ८२०५) सगळीकडून उडवलं. झालं! तू वर्हाडपांडे, शेजारी कर्हाडे, खाली बिर्हाडे, सगळ्यांच्या डोक्यावर रफार. ते एकटं उडवायचं नसतं. २३५२ (र), २३८१ (हलंत), ८२०५ हे तिघं एकत्र धरायचे आणि त्यांच्या जागी २३५३ (ऱ), २३८१ ठेवायचे. मूळ रकान्याला हात लावायचा नाही. सूत्र नव्या रकान्यात, आणि शेवटी तिथली फक्त मूल्यं पेस्ट करायची. मूळ रकाना शाबूत होता म्हणून वाचलो.

आणि ज्यांच्या नावावर आधीपासूनच चुकीचा रफार आहे, त्यांना सरसकट बदलता येत नाही. अर्हता, सूर्य, कार्य यांचा रफार खरा आहे. आचार्यांचा सत्कार वेगळा, आचाऱ्यांचा वेगळा. या एका प्रुफावरून तू आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. वर ‘सत्कार व्हायचा तर आचाऱ्यांचाच व्हायला हवा’ हेही तुझंच म्हणणं. चूक माझी होती, आज कबूल करतो. दर्या आणि दऱ्याच्या वेळी मात्र तुझी होती.

वकिलांचं तर विचारूच नकोस. ‘ॲड.’ कुणी ॲ (०९७२) वापरून लिहितं, कुणी अ वर ॅ चढवून, कुणी ऍ. ॲ युनिकोडमध्ये आलाच २००८ साली, तोवर लोकांनी जमेल तसं भागवलं. आता आकड्यांवरून क्रम लावणाऱ्या ॲपमध्ये ॲ जातो ह च्याही मागे. आपले दोन्ही वकील यादीच्या तळाशी, पुढची तारीख मिळाल्यासारखे.

ही यादी झाली नीट. पण जिथे नाव मराठीत भरायचं आणि मराठीत शोधायचं, तिथे तुझ्यासारख्यांचं काय, हे काही डोक्यातून जात नाही. शोधण्याआधी या तऱ्हा एक करून घेणं हे ॲप बनवणाऱ्याचं काम. कुणी करतं, कुणी नाही, आणि बाहेरून काही कळत नाही. ‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’, असंच समोरचा धरतो. पुतणीने धरलं, आणि खरं सांगू, पहिली दोन मिनिटं मीही धरलं. म्हटलं, याने रागाने नावच काढायला लावलं की काय.

तोवर एक उपाय आहे. ऱ वगळून मागचा तुकडा शोधायचा. ॲप नावाच्या मधला तुकडाही शोधत असेल, तर ‘हाडपांडे’ टाकलं की तू दोन्ही तऱ्हांत सापडतोस. हाडं तरी ओळखू आली म्हणायची.

वहिनींचा मोतीबिंदू झाला का? धाकटीच्या नोकरीचं काय झालं ते सविस्तर लिही. अमरावतीच्या उन्हाची तक्रार नको, ती पाठ आहे.

मेळावा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला, आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये. आचारी तोच आहे. ये.

तुझा,
दाम्या

ता. क. यादीत तुझं आडनाव मी स्वतः पुन्हा टाइप केलं. लांबी ११.