किलिमांजारोला आठ दिवस देऊ

पुणे,
12 जून

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेलं पत्रक मिळालं. मरांगूच्या वाटेने पाच दिवसांत किलिमांजारो, मुक्कामाला लाकडी झोपड्या, आत गाद्या, आणि दरही आवाक्यातला. तुला ते का आवडलं हे कळतं. जायचं तर नक्कीच आहे. दोघींची पन्नाशी उलटली, पाय अजून साथ देतायत, आता पुढच्या वर्षावर ढकलायला नको. पण या पाच दिवसांना माझा साफ विरोध आहे. फोनवर आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून बसून लिहिते.

आधी नुसत्या झोपायच्या जागा बघ. पहिली रात्र मंदारा झोपडीत, 2,720 मीटरवर. दुसरी होरोम्बोला, 3,720. तिसरी किबोला, 4,720. म्हणजे रोज हजार मीटर वर जाऊन झोपायचं, आणि तिसऱ्या रात्रीही पुरती झोप नाहीच. मध्यरात्री उठून 5,895 मीटरच्या उहुरू शिखराकडे, म्हणजे किलिमांजारोच्या माथ्याकडे, निघायचं. उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. हा बेत बरोबर त्याच्या दुपटीने चढवतो आणि कुठे थांबतही नाही.

शिखरावरही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. म्हणजे प्रत्येक श्वासात निम्माच प्राणवायू. शरीर याला जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस कितीही व्यायाम केला तरी कमी होत नाहीत. दमसास चांगला असलेला पंचविशीतला मुलगाही घाई केली की आडवा होतो, आणि हळू चालणारी साठीची बाई माथ्यावर पोचते. हिमाचलातल्या सारपासला तू रात्रभर डोकं धरून बसली होतीस आणि कुणाला बोलली नाहीस, ते मी विसरलेले नाही. तो सगळा पासच 4,200 मीटरच्या आसपास. इथे आपली शेवटची छावणी त्याहून वर आहे. डोकेदुखी आणि मळमळ एवढ्यावर थांबलं तर ठीक. पण मेंदूला सूज आली किंवा फुप्फुसात पाणी झालं तर लगेच खाली उतरवणं हाच मुख्य इलाज, आणि त्यात काही तासांचाही उशीर जिवावर बेततो.

म्हणून माझं म्हणणं, लेमोशोची वाट घ्यायची, आठ दिवसांची. पश्चिमेकडून जाते, लांबची आहे, आणि झोपड्यांऐवजी तंबू आहेत. पण तिची आखणी मला फार आवडली. पहिली रात्र जंगलात, म्टी म्कुब्वा नावाच्या छावणीत, साधारण 2,650 मीटरवर. या जंगलात काळीपांढरी, लांब झुपकेदार शेपटीची कोलोबस माकडं दिसतात. दुसऱ्या दिवशी झाडी संपते आणि माणूस शिरा पठारावर येतो, साडेतीन हजार मीटर. ही एक उडी मोठी आहे, मान्य. म्हणून तिसऱ्या दिवशी फक्त साडेतीनशे मीटर चढून शिरा दोन नावाच्या छावणीत मुक्काम.

शिरा पठार ही एका जुन्या ज्वालामुखीची खचलेली जागा आहे. किलिमांजारो हा एक डोंगर नाही, तीन ज्वालामुखी आहेत: शिरा सगळ्यात जुना, सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी सुरू झालेला, मग मावेन्झी, आणि सगळ्यात तरुण किबो, ज्याच्यावर आपल्याला जायचंय. किबो निद्रिस्त आहे. त्याच्या विवरातून अजून गंधकाची वाफ येते. तू आणि मी जन्मभर ज्या काळ्या कातळावर चढलो तोही लाव्हाच, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण आपला लाव्हा भेगांतून वाहत येऊन थरावर थर बसला, म्हणून आपल्याकडे पठारं, कडे आणि माच्या. तिथे मात्र तो एका तोंडातून उसळला आणि भोवती राख-दगडांचा उंच शंकू उभा राहिला. पायाखाली दोन्हीकडे ज्वालामुखीचाच दगड, पण डोंगराची घडण अगदी वेगळी. मला हे प्रत्यक्ष बघायचंय.

चौथा दिवस हा या वाटेचा गाभा. शिरा दोनवरून चढत चढत लाव्हा टॉवर नावाच्या सुळक्यापर्यंत जायचं, 4,600 मीटर. तिथे जेवायचं, तासभर बसायचं, आणि पुन्हा खाली उतरून बारांकोला झोपायचं, जेमतेम 3,960 मीटरवर. दिवसा उंचावर, रात्री खाली. शरीराला विरळ हवेची ओळख होते आणि झोपताना सुटका मिळते. त्या दिवशी डोकं दुखेल, बहुतेकांचं दुखतंच, पण बारांकोला पोचेपर्यंत उतरतं. त्याच दरीत ती प्रचंड सेनेसिओची झाडं आहेत, डोक्यावर कोबीसारखा पानांचा गड्डा आणि खोडाला वाळलेल्या पानांचं जाड वेष्टण, म्हणजे रात्रीच्या गारठ्यात आतला गाभा गोठत नाही. पाचव्या दिवशी सकाळी बारांकोची कातळभिंत. हात लावून चढायची आहे, दोर लागत नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्या बाईला तिथे भीती वाटू नये. त्या रात्री करांगा, चार हजारांच्या आसपास. सहाव्या दिवशी बराफू, 4,670, आणि मध्यरात्री शिखर. सहा दिवसांवाले करांगाचा मुक्काम गाळतात आणि बारांकोवरून थेट बराफू गाठतात. मला तो मुक्काम हवाच. शिखराच्या आदल्या दिवशी अंगात ताकद राहायला हवी असेल तर ती करांगातच मिळते.

आता पैशांचं. इथे तुला राग येईल, पण वाच. टांझानियाच्या उद्यानाचं शुल्क परदेशी माणसाला रोज 70 डॉलर, तंबूचे रात्रीला 50, बचाव पथकासाठी एकदा 20, आणि या सगळ्यावर 18 टक्के कर. आठ दिवस, सात रात्री म्हणजे माणशी सुमारे 1,100 डॉलर नुसते सरकारकडे जातात. ते कुणाला चुकत नाहीत. मग एखादी कंपनी आठ दिवस 1,400 डॉलरमध्ये नेते म्हणाली, तर उरलेल्या 300 मध्ये गाइड, स्वयंपाकी, पोर्टर, जेवण, तंबू, गाडी आणि हॉटेल कसं बसतं? ते बसतं पोर्टरच्या पोटातून. कमी रोज, एक वेळचं जेवण, गळक्या तंबूत झोप, आणि पाठीवर ठरल्यापेक्षा जास्त ओझं. उद्यानाचा नियम 20 किलोचा आहे. आपण दोघी गेलो तरी आठ-दहा माणसं आपल्यासोबत चढणार, आणि त्यांच्यातले बरेच जण कापडी बुटांत. मला त्या माणसांच्या मजुरीतून वाचवलेल्या पैशांवर शिखर नको आहे, मंगल. हे मी अगदी मनापासून लिहिते.

किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी नावाचं शहर आहे, तिथे किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था आहे. पोर्टरांना ठरलेला रोज, तीन वेळचं जेवण आणि धड निवारा देणाऱ्या कंपन्यांची नावं ती जाहीर करते. आपण त्या यादीतलीच कंपनी घ्यायची. आणि पैसे भरण्यापूर्वी विचारायचं: पोर्टरला रोज किती देता? ओझं कुठे आणि कोणासमोर वजन करता? रोज सकाळ-संध्याकाळ रक्तातला ऑक्सिजन मोजता का? सिलिंडर सोबत असतो का? गाइडला इंग्रजी येतं का, आणि एखादीला उतरवायची वेळ आली तर दुसरीसोबत कोण राहतं? जे सरळ उत्तर देतील त्यांच्याकडे जाऊ. गाइडशिवाय चढायला तिथे परवानगीच नाही, त्यामुळे ही निवड सगळ्यात महत्त्वाची. बक्षिसीचे पैसे वेगळे काढून ठेवायचे, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर वाटायचे.

1889 साली जर्मन हान्स मायर आणि ऑस्ट्रियन लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा माथ्यावर पोचले. मायरचा 1887 चा प्रयत्न फसला होता. 1889 च्या खेपेला त्याने डोंगरावर टप्प्याटप्प्याने छावण्या लावल्या आणि खालून पोर्टर दर काही दिवसांनी ताजं अन्न वर नेत राहिले, म्हणून त्याला तिथे थांबता आलं. वरच्या छावणीत त्यांच्यासोबत पांगानीचा त्यांचा आफ्रिकी साथीदार मुइनी अमानी होता. त्याचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. पहिलं शिखर थांबल्यामुळे आणि खालून अन्न वाहून नेणाऱ्यांमुळेच मिळालं, हे वाचल्यावर माझा निर्णय पक्का झाला.

शिखराच्या रात्रीसाठी मी माघी पौर्णिमा सुचवते. जानेवारी-फेब्रुवारीत तिथे पाऊस कमी, आकाश स्वच्छ. मार्चच्या मध्यापासून मोठा पाऊस सुरू होतो. बराफूहून रात्री बाराच्या सुमाराला निघायचं, बाराशे मीटरचा चढ, सगळा घसारा. थंडी उणे 10 ते 20, वर वारा. सहा-सात तास पाऊल पाऊल टाकत स्टेला पॉइंट, तिथे विवराचा काठ लागतो, आणि मग तासाभराने उहुरू. चांदणं असेल तर हेडटॉर्च विझवूनही वाट दिसते. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठायला लागतं. नळीने पाणी प्यायची पिशवी त्या रात्री उपयोगाची नाही. फोन आणि बॅटऱ्या अंगाशी, आतल्या खिशात.

वर हिमनद्या आहेत, विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर. 1912 मध्ये 11 चौरस किलोमीटरहून जास्त बर्फ होतं, 2011 पर्यंत दोनच्या आत आलं. युनेस्कोने 2022 मध्ये सांगितलं की 2050 पर्यंत आफ्रिकेतल्या जागतिक वारसा स्थळांवरच्या हिमनद्या संपतील. किलिमांजारो त्यातच येतो. मला त्या बर्फाच्या भिंती उभ्या असताना पाहायच्या आहेत.

सराव करू या, पण तो कशासाठी हे लक्षात ठेव. सह्याद्रीत उंचीचा सराव होत नाही. सराव आहे तो उतरण्यासाठी. शिखरावरून त्याच दिवशी 3,100 मीटरवरच्या म्वेका छावणीत उतरायचं, जवळपास 2,800 मीटरचा उतार, आणि दुसऱ्या दिवशी म्वेका गेट. ते गेट 1,640 मीटरवर आहे, म्हणजे आपण चालणं जिथे संपवणार ती जागाच कळसूबाईच्या माथ्याइतकी उंच. गुडघ्यांची परीक्षा तिथे आहे. मी रविवारी सिंहगड करते, पाठीवर सहा-सात किलो घेऊन, आणि उतरताना दोन्ही काठ्या वापरते. तू पन्हाळा आणि जोतिबा कर. बूट आताच घे आणि तेच घालून चाल. बाकीचं सामान, म्हणजे जाड जॅकेट आणि थंडीची स्लीपिंग बॅग, मोशीत भाड्याने मिळतं. विकत घेऊन पैसे घालवू नकोस.

डॉक्टरांकडे मात्र याच महिन्यात जा. तुझ्या बीपीच्या गोळ्यांची यादी ने आणि डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, चालेल का विचार. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांग. मोशी सखल आहे, तिथे मलेरियाचं औषधही लागेल. आपलं विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जाईल, त्यामुळे पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, अधिकृत केंद्रातच, आणि तिचा पिवळा दाखला पासपोर्टसोबत. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. विमा 6,000 मीटरपर्यंतच्या ट्रेकचा हवा, हेलिकॉप्टरसह. साधा प्रवासविमा अशा उंचीला बहुधा लागू होत नाही. आणि सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नकोस, 2019 पासून टांझानियात त्यांना बंदी आहे. कापडी पिशव्या मी शिवते.

उतरल्यावर लगेच परतायचं नाही असंही मी धरलंय. डोंगराच्या पायथ्याला चग्गा लोकांच्या बागा आहेत, केळीच्या सावलीत कॉफी, आणि वरच्या ओढ्यांचं पाणी त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाट काढून खाली आणलंय. मोशीत 1933 पासून कॉफी उत्पादकांचा सहकारी संघ आहे. तुझ्या बाबांनी सगळा जन्म सहकारात घातला, तुला तिथे जायला आवडेल. दोन दिवस तिथे राहू, शेतावर जाऊ, कॉफी भाजताना बघू.

एक करार मात्र आपल्यात आधी व्हायला हवा. डोकं दुखलं, ओकारी आली, तोल गेला, तर त्याच क्षणी गाइडला सांगायचं. लपवायचं नाही. गाइड उतर म्हणाला तर उतरायचं, माथा समोर दिसत असला तरी. आणि एक उतरली म्हणून दुसरीने खंत करत बसायचं नाही. मला तू परत हवी आहेस, शिखरासकट किंवा शिखराशिवाय. हे तू मान्य केलंस तरच मी आगाऊ रक्कम भरते.

रजेचं बघ. प्रवास धरून पंधरा दिवस लागतील. भाऊजींना हे पत्र वाचायला दे, म्हणजे खर्चाचा हिशोब मला वेगळा सांगावा लागणार नाही. त्या पाच दिवसांवाल्यांना अजून काही भरलं नसशील तर भरू नकोस, आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर पाठव. यादीतल्या तीन कंपन्यांना मी प्रश्न पाठवले आहेत, त्यांची उत्तरं आली की तुला लगेच धाडते.

तुझी,
सुनंदा