कशावरून?

सांगली,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय पंत,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. गणपतीत तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. मग ‘आता कुठल्या तोंडाने करू’ म्हणत डिसेंबर आला. शिव्या साठवल्या असशील त्या भेटीत घाल. तब्येत ठीक. शुगर आहे तिथे आहे, गुडघा कुरकुरतो. झालं.

हे फोनवर सांगता येणार नाही, कारण फोनवर तू मध्ये बोलतोस. आणि इथे स्टाफरूममध्ये सांगितलं तर म्हणतील, सर, एका मार्काचं काय एवढं?

जूनपासून दहावीला एक खूळ काढलंय. रसग्रहण म्हणजे काय झालंय तुला माहीत नाही. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन डबे, गाइडमधून भरायचे, झाकण लावायचं. कविता कुठलीही असो, ती ‘हृदयस्पर्शी’ असते आणि तिच्यातून ‘मोलाचा संदेश’ मिळतो. म्हणून मी म्हटलं, आधी एक विधान करा, ज्याला शेजारचा पोरगा ‘छे!’ म्हणू शकेल असं. मग कवितेतली ओळ दाखवा. मग त्या ओळीवरून ते विधान कसं निघतं ते लिहा. शेवटी तुमच्या विरुद्ध कोण काय बोलेल, तेही तुम्हीच लिहा आणि उत्तर द्या. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष. ‘सुंदर’, ‘हृदयस्पर्शी’, ‘संदेश’ या शब्दांना वर्गात बंदी. ओळ न दाखवता कोणी काही ठोकून दिलं की समासात लाल शाईने एकच शब्द: कशावरून? दिवाळीपर्यंत माझं नावच ‘कशावरून सर’ पडलं. घरी बायको विचारते, आमटीत मीठ कमी आहे का, तर धाकटा ओरडतो, कशावरून!

वाद घालायला पोरांना शिकवावं लागत नाही रे. रोहित की विराट यावर मधल्या सुट्टीत आकडे, मैदानं, समोरचा बोलर, सगळं काढतात. वही उघडली की मात्र तोंडात बोळा. एकाने लिहिलं, ‘कवींना १९८७ चं ज्ञानपीठ मिळालं आहे, म्हणून ही कविता श्रेष्ठ आहे.’ ऐकीव पुरावा, वकीलसाहेब. तुझी आठवण झाली.

तर कविता होती कुसुमाग्रजांची ‘कणा’, पुरात संसार मोडलेला जुना विद्यार्थी सरांकडे येतो आणि ‘पैसे नकोत सर’ म्हणतो, तीच. मुद्दाम धड्याबाहेरची घेतली, म्हटलं गाइडमध्ये सापडणार नाही. पण २७ फेब्रुवारीला मराठी दिनाच्या कार्यक्रमात दर वर्षी कोणीतरी ती हातवारे करत म्हणतंच, त्यामुळे अर्थ पोरांना आधीच पाठ. ४७ वह्यांपैकी चाळीसेक वह्यांत ‘जिद्द’. रात्री साडेअकराला मी एकेक वही ढकलत होतो आणि त्या ढिगात तिची वही आली. नाव सांगत नाही, नदीकाठची आहे.

तिने लिहिलं होतं (आता पाठ झालंय): ‘या कवितेतले सर एक शब्दही बोलत नाहीत. सगळ्या कवितेत त्यांची एकच हालचाल आहे, खिशाकडे हात जाणे. विद्यार्थी पाठीवर हात मागतो, पण सरांनी तो ठेवला की नाही, हे कवीने सांगितलेलं नाही. म्हणून ही कविता विद्यार्थ्याच्या कण्याची नाही, सरांच्या परीक्षेची आहे आणि निकाल लागलेला नाही.’

पंत, मी त्याखाली लाल शाईने लिहिलं, ‘मध्यवर्ती कल्पना चुकली. विषयांतर.’ ४ पैकी १.

झोप आली होती, हे खरं. पण झोपेत माणूस जास्त मार्क पण देऊ शकतो ना? मला वाटतं, मी घाबरलो. पंचवीस वर्षं ती कविता शिकवतोय आणि दर वेळी शेवटच्या ओळीला वर्गाकडे असं बघतो, जणू पाठीवर ठेवायचा हात माझाच. सर गप्प आहेत हे मला कधी दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात. हातात वही. म्हणाली, “सर, कशावरून?”

उद्धटपणे नाही. मी शिकवलेलाच प्रश्न. मी काय म्हणालो माहितीय? “बाळा, बोर्डात असं लिहिलंस तर मार्क जातील.” आणि बोलता बोलता ड्रॉवर उघडला, एका प्रकाशनाचा माणूस फुकट ठेवून गेलेलं गाइड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. “हे घे, यात पद्धतशीर दिलंय.”

ती हसली. “नको सर,” म्हणाली आणि गेली.

गाइड माझ्या हातात तसंच. मला ओळ आठवायला अर्धं मिनिट लागलं. तुला लागलं नसेल.

आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा छावणी आमच्याच शाळेत होती. ही तेव्हा पाचवीत, ८-ब च्या वर्गात बाकं जोडून आईबरोबर झोपायची. बिस्किटांचे पुडे मीच वाटत होतो. तिने यातलं एक अक्षर लिहिलं नाही. कारण मीच सांगितलं होतं, स्वतःची गोष्ट हा पुरावा नाही, पुरावा कवितेत शोधा. शोधला पोरीने. तू म्हणशील, प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला तूच पिंजऱ्यात येऊ दिलं नाहीस. म्हण. पण ती पुराची गोष्ट लिहिती तर मी गहिवरून ४ पैकी ४ दिले असते आणि तिचा मुद्दा वाचलाच नसता. हेही तितकंच खरं, यावर मी तुझ्याशी भांडेन.

मुद्द्याला उत्तर नव्हतं असंही नाही. ती कविता सांगतोय कोण? आलेल्याला ‘कोणी’ म्हणणारा, त्याचे कपडे, केस, हसणं टिपणारा? सरच ना? मग अख्खी कविता सरांच्या तोंडची झाली, गप्प कुठले! की त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही म्हणून नंतर कविता सांगत बसले? समासात हे दोन प्रश्न लिहिले असते तर पोरगी आठवडाभर माझ्याशी भांडली असती. तेच तर हवं होतं मला जूनपासून.

आता मला एम.ए. चं दुसरं वर्ष आठवतंय आणि तुलाही आठवत असणार, म्हणून तर एवढा उशीर केला लिहायला. सरांनी तुझा निबंध वर्गासमोर वाचून ‘वकिली आहे, समीक्षा नाही’ म्हटलं, सगळे हसले आणि मीही हसलो. लंबू तेवढा हसला नव्हता. तू रंकाळ्यावर मला विचारलंस, तुला पटलं होतं ना माझं? मी भेळ खात बसलो. भेळेचे पैसे मीच दिले, हे तू अजून ऐकवतोस.

तिचा १ खोडून ३ केलाय. ओरडू नकोस, एक मार्क शुद्धलेखनाचा, ‘परीक्षा’ तिने तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलीय. वही परत देताना ते दोन प्रश्न लिहून दिले. अजून उत्तर आलेलं नाही. जानेवारीत पूर्वपरीक्षा, मार्चच्या आत बोर्ड. तिथे पेपर कोणाच्या हाती पडेल देव जाणे. तिला तिचंच लिही म्हणू, की तीन डबे भर म्हणू? मार्क तिचे जाणार, माझे नाही. अकरावीला तिला सायन्सला जायचंय आणि घरची परिस्थिती बघता एकेक टक्का मोलाचा. रोज वर्गात शिरताना ठरवतो, आज सांगू, आणि हजेरी घेऊन बाहेर येतो.

काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? चिंगी बारावीला ना यंदा, तिला माझे आशीर्वाद, वकिलीला घालू नकोस. नव्या फ्लॅटचा पत्ता वहिनींकडून घेतला, तू पाठवला नव्हतास, हेही नोंदवून ठेवतो.

आणि तुझा तो निबंध माझ्याकडे आहे. सरांच्या टेबलावरून मी उचलला होता, हे तुला आजवर सांगितलं नाही. काल काढून वाचला. दुसऱ्या पानावर तू चुकलायस, पण सरांनी म्हटलं त्या कारणाने नाही. झेरॉक्स पाठवतो. मूळ देणार नाही.

तुझा,
मास्तर